परफॉर्मन्स गाडीला कुठला ऑइल ग्रेड टाकायचा? आधी ऑइलचं तापमान बघा, मग बाटली उचला

जरा जोरात पळणारी गाडी हातात आली की पहिला सल्ला हमखास येतो, "यात जाड ऑइल टाक, १०डब्ल्यू-६० टाक, इंजिन सेफ राहतं." दुसरा कुणीतरी लगेच सांगतो की छे, नवीन इंजिनं पातळ ऑइलसाठीच बनवलेली असतात, ०डब्ल्यू-२० च्या वर जाऊच नको. दोघंही मनापासून सांगत असतात आणि आपापल्या गाडीपुरते दोघंही बरोबर असू शकतात. पण दोघांनीही एक प्रश्न विचारलेला नसतो, की बाबा तुझ्या गाडीत ऑइल तापतं किती? माझं ठाम मत आहे की ग्रेडचा सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते नीट समजून घेऊ, कारण इथेच निम्मा घोळ होतो. समजा ५डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त एवढंच सांगतो की कडाक्याच्या थंडीत ऑइल कितपत हलतं. ०डब्ल्यूची क्रँकिंग टेस्ट (थंड ऑइलमध्ये इंजिन फिरतं का ते बघणारी) उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर, १०डब्ल्यूची उणे २५ वर आणि १५डब्ल्यूची उणे २० वर. नंतरचा आकडा म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट आहे ते. तिथे प्रत्येक ग्रेडचा एक पट्टा ठरलेला आहे, २० चा ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), ३० चा ९.३ ते १२.५, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९. म्हणजे ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० गरम झाल्यावर एकाच पट्ट्यात असतात, "०डब्ल्यू म्हणजे पाणी, ट्रॅकवर टिकणार नाही" हे म्हणणं चुकीचं आहे. आणि थंडीतलं पातळ हेही नावालाच पातळ. साधं ५डब्ल्यू-४० १०० अंशाला साधारण १४ सेंटीस्टोक असेल तर २० अंशाला तेच ऑइल २०० च्या वर जातं, पंधरापट घट्ट. सकाळी स्टार्टर मारताना कुठलंच ऑइल "फार पातळ" नसतं.

आता मुद्द्याचं. बाटलीवरचा तो ४० हा १०० अंशांचा आहे, तुमच्या इंजिनचा नाही. तेच १४ सेंटीस्टोकवालं ५डब्ल्यू-४० १२० अंशांवर साधारण साडेनऊला येतं आणि १३० वर आठच्या आसपास. आठ म्हणजे काय तर वरच्या पट्ट्यात बघा, २० ग्रेडचं ऑइल १०० अंशांवर असतं तेवढंच. उलट बाजूने बघा, ५डब्ल्यू-३० ज्याचं ऑइल ८५ अंशांवरच राहतं अशा गाडीत असेल तर ते तिथे १५ सेंटीस्टोकच्या जवळ असतं, म्हणजे ४० ग्रेडने १०० अंशाला केलं असतं तेच काम ते करतंय. त्यामुळे एकच गाडी दोघांकडे असेल, एक रोज ऑफिसला नेतो आणि ऑइल ९० च्या वर जातच नाही, दुसरा ट्रॅकवर २० मिनिटं पिळतो आणि ऑइल १३० ला जातं, तर पहिल्याचं ३० ग्रेड बेअरिंगमध्ये दुसऱ्याच्या ४० पेक्षा जास्त घट्ट आहे. "याच गाडीत मी हेच टाकतो" या सल्ल्याला म्हणूनच तापमान कळल्याशिवाय काही अर्थ नाही.

घट्टपणा लागतो कशाला तेही थोडं बघू. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही, फिरताना तो स्वतःच ऑइल आपल्याखाली ओढतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. थर किती जाड राहणार हे तीन गोष्टींवर ठरतं, ऑइलचा घट्टपणा, फिरण्याचा वेग आणि वरून येणारा दाब. यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, की बेअरिंगसाठी सगळ्यात वाईट वेळ रेडलाइनचीच असते असं नाही. आजच्या टर्बो गाड्या १८००-२००० आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देतात, तेव्हा वेग कमी असतो, दाब प्रचंड असतो आणि ऑइल तापलेलं असेल तर थर अगदीच बारीक होतो. टॉप गिअरमध्ये खालच्या आरपीएमवरून पाय पूर्ण दाबून खेचायची सवय असेल तर ती आधी सोडा, कुठल्याही महागड्या ऑइलपेक्षा बेअरिंगना त्याचा जास्त फायदा होईल.

मग जितकं घट्ट तितकं चांगलं का नाही? कारण घट्ट ऑइल घुसळायला ताकद लागते आणि ती ताकद उष्णता होऊन ऑइलमध्येच जाते, म्हणजे ग्रेड वर नेल्यावर ऑइल स्वतःच जास्त तापतं आणि कमावलेल्या घट्टपणातला काही भाग तिथेच गमावतं. शिवाय थंड असताना पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडून बरंचसं ऑइल वरती कॅमकडे जायच्या ऐवजी परत मागे वळतं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचे फेझर (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारे भाग) ऑइलच्या दाबावर चालतात, बारीक बारीक वाटांमधून, ते सुस्त होतात. मी हे स्वतः भोगलंय. माझ्या टर्बो हॅचबॅकला मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं होतं, मी चांगल्या हेतूने १०डब्ल्यू-६० भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केल्यावर वरून चार-पाच सेकंद कडकड असा आवाज, जो आधी कधीच नव्हता, प्रेशर गेज मात्र एकदम वर जाऊन चिकटलेला. गेज बघून वाटतं वा, काय प्रेशर आहे. पण प्रेशर म्हणजे अडथळा, प्रवाह नव्हे, आणि वरती आवाज करणाऱ्या भागांना त्या क्षणी प्रवाह हवा होता. ते ऑइल मी फार दिवस ठेवलं नाही, काढून ५डब्ल्यू-४० भरलं, आवाज गेला आणि ट्रॅकवर गरम झाल्यावरचं प्रेशरसुद्धा छान राहिलं.

कंपन्या काय करतात ते बघा

कंपन्याही हेच गणित करतात. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ आणि ई६० एम५ या खूप वर फिरणाऱ्या इंजिनांना १०डब्ल्यू-६० सांगितलेलं होतं, आणि त्याच एम विभागाची पुढची टर्बो इंजिनं बरीच पातळ ऑइल वापरतात. निसान जीटी-आर आर३५ फॅक्टरीतून ०डब्ल्यू-४० घेऊन येते. टोयोटा जीआर यारिसचं १.६ लिटर तीन सिलिंडर टर्बो इंजिन इतकी पॉवर काढूनही ०डब्ल्यू-२० वर चालतं. फोर्डच्या मस्टँगचं ५ लिटर इंजिन अमेरिकेत बरीच वर्षं ५डब्ल्यू-२० वर होतं, पण त्यावरच बेतलेल्या ट्रॅकसाठीच्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सी७ कॉर्व्हेटचं, तिथे मॅन्युअलच सांगायचं की रोजच्या वापराला ५डब्ल्यू-३०, ट्रॅकवर जाताना १५डब्ल्यू-५०, आणि परत आल्यावर पुन्हा ५डब्ल्यू-३०. २०१९ पासून मग दोन्हीसाठी एकच ०डब्ल्यू-४० आलं. गाडी तीच, इंजिन तेच, वापर बदलला की ग्रेड बदलला. यातून "पॉवर जास्त म्हणून ऑइल जाड" असा नियम काढताच येत नाही.

म्हणून सुरुवात मॅन्युअलपासूनच करायची, पण मॅन्युअल नीट वाचायचं. बऱ्याचदा त्यात एकच ग्रेड नसतो, बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, आणि आपण झाकणावर छापलेला एकच बघून थांबतो. तेच इंजिन वेगळ्या देशात विकलं जात असेल तर तिथल्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेही शोधून वाचा, कारण झाकणावरचा सगळ्यात पातळ ग्रेड कित्येकदा मायलेजच्या नियमांसाठी निवडलेला असतो आणि दुसरीकडे त्याच इंजिनला ३० किंवा ४० सुद्धा चालतं असं कंपनीच लिहून देते. मॅन्युअलने परवानगी दिलेल्या पट्ट्यातच वरच्या टोकाला जाता आलं तर वॉरंटीचा प्रश्नही येत नाही. वॉरंटी असताना त्या पट्ट्याच्या बाहेर जाऊ नका, एवढं मात्र ऐकाच.

दोन ५डब्ल्यू-३० सारखे नसतात

हा भाग सावकाश वाचा. १०० अंशाचा आकडा ऑइल नुसतं नळीतून ओघळताना मोजलेला असतो. बेअरिंगमध्ये ऑइल असं निवांत ओघळत नाही, तिथे ते जबरदस्त वेगाने घासलं जातं. त्यासाठी एचटीएचएस (हाय टेम्परेचर हाय शिअर) नावाची वेगळी टेस्ट आहे, १५० अंशांवर आणि सेकंदाला दहा लाख इतक्या शिअर रेटला, म्हणजे घासण्याच्या वेगाला. परफॉर्मन्स गाडीसाठी मला विचाराल तर बाटलीवरच्या मोठ्या आकड्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. २० ग्रेडला किमान २.६ लागतो, ३० ला किमान २.९, ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५, आणि ५० ला ३.७. आता गंमत बघा, एसीईए या युरोपियन गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या ए५/बी५ वर्गातलं ५डब्ल्यू-३० हे २.९ ते ३.५ च्या मध्ये असतं, आणि ए३/बी४ किंवा सी३ वर्गातलं ५डब्ल्यू-३० ३.५ किंवा त्याच्या वर असावंच लागतं. दोन्ही डब्यांवर पुढे ५डब्ल्यू-३० एवढंच मोठ्या अक्षरात. बेअरिंगला मात्र दुसरं जवळजवळ ४० सारखंच वाटतं. त्यामुळे डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा, तिथे एसीईएचा वर्ग आणि कंपनीच्या मान्यता असतात (पोर्शेचं ए४० वगैरे), आणि ऑइल कंपनीच्या डेटाशीटवर बरेचदा एचटीएचएसचा आकडाही दिलेला असतो. अनेक वेळा ग्रेड न बदलता नुसता वर्ग बदलून काम होतं. फक्त पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या गाडीत राख कमी करणारं, म्हणजे सी वर्गातलं ऑइल सांगितलेलं असेल तर तेच घ्या, फिल्टर चोंदला तर महागात जातं.

तापमान मोजायचं कसं

डॅशबोर्डवरचा काटा बहुतेक वेळा पाण्याचा, म्हणजे कूलंटचा असतो आणि तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. त्यावरून ऑइलचं काही कळत नाही. पाणी ९० ला पोचलं तेव्हा ऑइल ५०-६० वरच असू शकतं, आणि ट्रॅकवर पाणी ९५ दाखवत असताना ऑइल १३० ला गेलेलं असू शकतं. तुमच्या गाडीत ऑइल टेम्परेचर दाखवत असेल तर छान, नाहीतर ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून बघा की इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तो आकडा देतो का (काही गाड्या सेन्सर नसताना नुसता हिशोबाने काढलेला आकडा देतात, त्यावर फार भरवसा ठेवू नका). तेही नसेल तर फिल्टरखाली बसणारी सँडविच प्लेट टाकून सेन्सर बसवा, खर्च ऑइलच्या दोन डब्यांपेक्षा जास्त असेल पण माहिती कायमची मिळते. आणि मोजायचं तुमच्या सगळ्यात कठीण वापरात. घाट चढताना, हायवेवर लांब वेगात, ट्रॅकवर शेवटच्या लॅपला. पाच मिनिटं पळवून घेतलेलं रीडिंग काहीच सांगत नाही, ऑइलला पूर्ण तापायला १५-२० मिनिटं लागतात.

आता माझा स्वतःचा अंदाजपट्टा सांगतो. सगळ्यात कठीण वापरातही ऑइल १०५-११० च्या खाली राहत असेल तर मॅन्युअलचा ग्रेड सोडायचं काही कारण नाही, पैसे चांगल्या ऑइलवर आणि लवकर बदलण्यावर खर्च करा. ११० ते १२५ च्या मध्ये जात असेल तर त्याच ग्रेडमधलं ३.५ एचटीएचएसवालं, किंवा एक पायरी वर, २० असेल तर ३०, ३० असेल तर ४०. एकच पायरी. १३० च्या वर नेहमी जात असेल तर आधी ऑइल कूलर बघा, आणि तो थर्मोस्टॅटवालाच बघा नाहीतर थंडीत ऑइल तापणारच नाही. कारण १५ अंश खाली आणलेलं तापमान जवळपास एक ग्रेड वर गेल्यासारखंच आहे, आणि वरून ऑइलचं आयुष्य वाढतं ते वेगळंच. उष्णतेचा प्रॉब्लेम घट्ट ऑइलने झाकत बसलात तर तो टर्बोच्या बेअरिंगमध्ये जळलेल्या ऑइलचा काळा थर होऊन पुढे येतो.

प्रेशरसाठी जुना ठोकताळा आहे, दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. साध्या पंपाच्या इंजिनला तो अजून उपयोगी पडतो, पूर्ण तापल्यावर ६००० ला ४ बारच्या आसपास मिळत असेल तर ऑइल पुरेसं घट्ट आहे. पण नवीन गाड्यांमध्ये पंपच कॉम्प्युटर चालवतो, हवं तेवढंच प्रेशर देतो, तिथे हा ठोकताळा लावून घाबरू नका. तिथे बघायचं ते स्वतःचंच आधीचं रीडिंग. पहिल्या लॅपला एका ठराविक आरपीएमला किती होतं आणि आठव्या लॅपला किती, आणि घसरण तापमानाबरोबरच आहे की वळणावर अचानक काटा पडतो. वळणावर पडत असेल तर तो व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे घट्टपणाचा, विषयच नाही. ऑइल सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) एका बाजूला गेलंय आणि पंपाच्या तोंडाला हवा लागतेय. त्याला बॅफल (ऑइल हलू न देणारा आडवा पत्रा) लागतो, लेव्हल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर लागते, काही गाड्यांना ड्राय सम्प (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) लागतो. ६० ग्रेड टाकून हवा घट्ट होत नाही.

पेट्रोल मिसळणं

डायरेक्ट इंजेक्शन टर्बोवाल्यांनी हे खास बघायचं. जोरात चालवताना आणि थंड इंजिनवर छोट्या छोट्या फेऱ्या मारताना थोडं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, टोकावरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि नाकाजवळ न्या, पेट्रोलचा उग्र वास स्पष्ट येत असेल किंवा लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसत असेल तर तुम्ही भरलेलं ३० आता ३० राहिलेलं नाही. शिवाय मल्टिग्रेड ऑइलमधले पॉलिमर घासून घासून तुटतात, त्यानेही ऑइल पातळ होतं. अशा गाडीत एक पायरी वरचा ग्रेड घ्यायला खरंच अर्थ आहे, कारण बदलायच्या वेळेपर्यंत तो खाली घसरणारच आहे हे आधीच धरून चालायचं. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे ऑइल लवकर बदलणं. खात्री हवी असेल तर काढलेल्या ऑइलचा नमुना लॅबला द्या, रिपोर्टमध्ये १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, पेट्रोलचं प्रमाण आणि बेअरिंगचे धातू कळतात, लागोपाठ दोन-तीन रिपोर्ट झाले की अंदाज बांधायचं कामच उरत नाही. आणि टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा २०२० पासून आलेला वर्ग) किंवा त्यानंतरचा वर्ग बघूनच घ्या, कमी आरपीएमवर होणारं अवेळी ज्वलन, ज्याने पिस्टन फुटतात, ते कमी करायच्या टेस्ट त्यात आहेत. हे ग्रेडने नाही, ऑइलमधल्या रसायनाने ठरतं.

इंजिन उघडून बांधलेलं असेल तर वरचं सगळं बाजूला, बांधणाऱ्याला बेअरिंग क्लिअरन्स, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधली फट, विचारा. जुना नियम जर्नलच्या (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) दर इंच व्यासाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दोन इंची जर्नलला ०.००२ इंच, साधारण ०.०५ मिलिमीटर. त्याच्याहून ढिलं बांधलंय तर ४० किंवा ५० लागेल, फॅक्टरीसारखं घट्ट बांधलंय तर फोर्ज्ड पिस्टन आहेत म्हणून ६० टाकायची गरज नाही. बांधणारा क्लिअरन्स सांगू शकत नसेल तर मला ग्रेडपेक्षा त्या इंजिनचीच जास्त काळजी वाटेल. "रेसिंग" असं लिहिलेली ऑइल रस्त्याच्या गाडीत भरू नका, त्यात साफसफाईचे घटक बऱ्याचदा कमी असतात कारण ती काही तासांत काढून टाकायची असतात.

ग्रेड बदलायचा ठरला तर फिल्टरसकट बदला आणि त्या वेळी दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आधीचे आकडे वहीत लिहून ठेवा, त्याच रस्त्यावर, साधारण तशाच हवेत परत मोजा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला कान देऊन ऐका, आवाज आधीपेक्षा जास्त वेळ राहत असेल किंवा व्हॉल्व्ह टायमिंगचा फॉल्ट कोड आला तर परत खाली या, किंवा गरम आकडा तोच ठेवून डब्ल्यूचा आकडा कमी करा, १०डब्ल्यू-४० च्या जागी ०डब्ल्यू-४०.

आणि ग्रेड कुठलाही असो, ऑइल ८० अंशांपर्यंत येईपर्यंत गाडी मध्यम आरपीएमवरच चालवा, टर्बो पूर्ण भरू देऊ नका. ई४६ एम३ च्या टॅकोमीटरवर कडेने नारिंगी दिवे होते, इंजिन थंड असताना ते खालच्या आरपीएमपासूनच पेटलेले असायचे आणि ऑइल तापेल तसे एक एक करून विझत वर सरकायचे. तुमच्या गाडीत असे दिवे नसतील तर घरापासूनची पहिली दहा-पंधरा मिनिटं ते आहेत असं समजूनच चालवा.